बोवी सुरा : तुम्ही विचारलंत

अमेरिकेतल्या बोवी सुऱ्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांबलचक पत्रांतला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

हा सुरा जेम्स बोवीने स्वतः घडवला असं एका ठिकाणी वाचलं. दुसरीकडे जेम्स ब्लॅक नावाच्या लोहाराचं नाव दिसतं. खरं काय? (पुणे)

जेम्स बोवी लोहार नव्हता. १७९६ साली केंटकीत जन्मलेला आणि लुइझियानात वाढलेला हा माणूस जमिनींचे व्यवहार आणि गुलामांचा व्यापार करून मोठा झाला. त्यातले कित्येक व्यवहार सरळ नव्हते. सुऱ्याला त्याचं नाव चिकटलं ते १९ सप्टेंबर १८२७ या दिवशी. मिसिसिपी नदीत नॅचेझ गावासमोर एक वाळूचा पट्टा होता. तिथे सॅम्युअल वेल्स आणि डॉ. थॉमस मॅडॉक्स यांचं पिस्तुलांचं द्वंद्व ठरलं होतं. दोघांनी दोन-दोन गोळ्या झाडल्या, कुणालाच लागल्या नाहीत, त्यांनी हात मिळवले आणि त्यांच्यापुरतं प्रकरण मिटलं. पण सोबत आलेल्या दोन्हीकडच्या मंडळींत जुनी वैरं होती, आणि तीच तिथे उफाळून आली. बोवीला गोळी लागली, काठीत लपवलेली तलवार छातीत खुपसली गेली, आणि तशा अवस्थेत त्याने नॉरिस राइट या आपल्या वैऱ्याला मोठ्या सुऱ्याने ठार केलं. बातमी वर्तमानपत्रांतून देशभर गेली. त्यानंतर लोहाराकडे येणारं गिऱ्हाईक ‘बोवीच्या सुऱ्यासारखा’ सुरा मागू लागलं.

तो सुरा कुणाचा, याबद्दलचा सर्वांत भरवशाचा पुरावा जेम्सचा थोरला भाऊ रेझिन बोवी याचं १८३८ सालचं पत्र. त्यात तो लिहितो की पहिला बोवी सुरा आपण लुइझियानातल्या अव्हॉयल परगण्यात शिकारीसाठी बनवला. पातं सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकाच बाजूला धार असलेलं आणि सरळ होतं. भावावर आधी एकदा गोळी झाडली गेली होती, पुन्हा हल्ला होईल म्हणून बचावासाठी तो त्याला दिला, असंही त्याने म्हटलं आहे. प्रत्यक्ष हातोडा घराण्याच्या मळ्यावरच्या जेसी क्लिफ्ट या लोहाराचा होता, असं घरातली माणसं पुढे सांगत.

जेम्स ब्लॅक हा आर्कान्सातल्या वॉशिंग्टन गावचा लोहार. त्याची कथा १८३०च्या हिवाळ्यातली, म्हणजे त्या मारामारीनंतरची: बोवी लाकडाचा नमुना घेऊन आला, ब्लॅकने तो सुधारून सुरा करून दिला. ब्लॅक पुढे आंधळा झाला आणि जोन्स घराण्याच्या आसऱ्याला राहिला. त्या घरातले डॅनियल वेब्स्टर जोन्स नंतर आर्कान्साचे गव्हर्नर झाले, आणि ब्लॅकची हकिकत त्यांच्यामुळेच लोकांपुढे आली. ब्लॅक उत्तम कारागीर होता याबद्दल वाद नाही. पण ‘पहिला बोवी’ त्याचा म्हणायचा तर १८२७ चा हिशेब जुळत नाही.

६ मार्च १८३६ रोजी टेक्सासमधल्या अलामोच्या गढीत, मेक्सिकन सैन्याच्या हल्ल्यात, जेम्स बोवी आजारी अवस्थेत खाटेवरच मारला गेला. त्याच्याजवळचा सुरा कुठे गेला हे कुणालाही ठाऊक नाही. त्यामुळे ‘हाच तो अलामोचा सुरा’ असं सांगून कुणी काही विकत असेल तर खिशात हात घालू नका.

रेझिनच्या पत्रात सरळ पातं म्हटलंय, मग चित्रांत दिसणारं रुंद पातं, वर वळलेलं टोक आणि पितळी परज (पातं आणि मूठ यांच्यामधला आडवा दांडा) कुठून आली? (नाशिक)

निम्मं उत्तर इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात आहे. १८३०च्या दशकात अमेरिकेत मागणी एवढी वाढली की तिथल्या लोहारांना ती पुरी करता येईना. शेफील्डच्या कारखान्यांनी ही बाजारपेठ उचलली. वॉस्टनहोम, जोसेफ रॉजर्स, बुचर ही त्यांतली मोठी नावं. त्यांना अस्सल नमुन्याची पर्वा नव्हती. अमेरिकेतल्या दुकानदाराने जे मागितलं ते त्यांनी केलं: भाल्यासारखं टोक, पाठीला खोबण काढून उतरतं केलेलं टोक, शवपेटीच्या आकाराची मूठ, मुठीच्या टोकाला अर्धा घोडा आणि अर्धी मगर. पात्यावर तेजाबाने वाक्यं कोरलेली असत. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेल्यासाठी एक, गुलामगिरी टिकावी असं मानणाऱ्या दक्षिणेतल्या गिऱ्हाइकासाठी दुसरं. ‘अमेरिकन कधी शरण जात नाही’ हे वाक्य इंग्रज कारागिराने इंग्लंडात बसून कोरलेलं असे!

उरलेलं निम्मं विसाव्या शतकातलं आहे. १९५२ च्या एका हॉलिवूडपटासाठी जो भलामोठा सुरा घडवला गेला, तोच पुढे खेळण्यांवर, कॅलेंडरांवर आणि भिंतीवर टांगायच्या सुऱ्यांवर उतरला. एकोणिसाव्या शतकातले खरे नमुने शेजारी मांडले तर ६ इंचांपासून १२ इंचांच्या वरपर्यंत पाती दिसतात. काहींना परज आहे, काहींना नाही. बोवी हा एका ठरावीक आकाराचा सुरा असल्याचं धरून चाललं की पुढचं सगळं चुकत जातं.

कमरेला पिस्तूल असताना लोक सुरा का बाळगत? आणि त्यावर बंदी आली होती का? (नागपूर)

त्या काळचं पिस्तूल एकाच गोळीचं. दारू दमट असली तर तीही उडायची नाही, आणि पुन्हा भरेपर्यंत समोरचा अंगावर यायचा. सॅम्युअल कोल्टने फिरत्या कोठ्यांच्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट १८३६ मध्ये घेतलं, पण ते सर्रास हाती यायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. मधल्या काळात सुरा दगा देत नव्हता, म्हणून तो कमरेला राहिला.

त्याचे परिणाम भयंकर झाले. ४ डिसेंबर १८३७ रोजी आर्कान्साच्या विधानसभेत चर्चा चालू होती. जे. जे. अँथनी या सदस्याने सभापती जॉन विल्सन यांना झोंबणारा शेरा मारला. विल्सन आसनावरून उतरले, दोघांनीही सुरे काढले आणि भर सभागृहात सभापतींनी अँथनींना ठार केलं. सभागृहाने त्यांना काढून टाकलं, पण खटल्यात ते सुटले.

त्याच वर्षी अलाबामाने प्रत्येक बोवी सुऱ्याच्या विक्रीवर १०० डॉलर कर बसवला. त्या काळी ही रक्कम इतकी जबर होती की तो कर म्हणजे बंदीच. टेनेसीने १८३८ च्या सुरुवातीला विक्रीच बंद केली. तिथे लपवून सुरा बाळगल्याबद्दल विल्यम एमेट नावाच्या माणसाला झालेली शिक्षा १८४० साली वरच्या न्यायालयाने कायम केली, आणि शस्त्र बाळगण्याच्या हक्कावरच्या अमेरिकेतल्या वादांत तो निकाल आजही काढला जातो.

यादवी युद्धाच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या स्वयंसेवकांनी जुन्या कानशींतून घडवलेले, बोटांवर लोखंडी कडं असलेले अवजड सुरे कमरेला बांधून फोटो काढले. पायपीट सुरू झाल्यावर त्यांतले बरेच रस्त्याकडेला टाकले गेले.

सुऱ्याचे भाग कोणते आणि विकत घेताना काय पाहावं? माझ्याकडच्या सुऱ्याची परज तीन महिन्यांत हलू लागली. (कोल्हापूर)

पात्याची वरची कड म्हणजे पाठ. टोकाकडे पाठ एकदम खाली उतरते, ती ‘क्लिप’. या उतरत्या भागाला पुष्कळदा दोन्हीकडून तासून पातळ केलेलं असतं, ती खोटी धार. परजेलगतचा धार न लावलेला अर्धा-पाऊण इंच भाग म्हणजे ‘रिकासो’. आणि मुठीच्या आत गेलेली पात्याची शेपटी म्हणजे ‘टँग’. सुऱ्याचा जीव या शेपटीत असतो, आणि विकत घेताना नेमकी तीच दिसत नाही.

स्वस्त शोभेच्या सुऱ्यांत पात्याला मागून एक बारीक स्क्रूचा दांडा वेल्डिंगने जोडलेला असतो आणि मुठीच्या टोकाला नट आवळलेला असतो. ओळखायचं असं: मुठीच्या टोकाची टोपी हाताने फिरते का पाहा, मग मूठ सैल धरून पाठीवर लाकडाने हलकं टकटक करा. आतून खुळखुळ आली तर तो सुरा भिंतीवरच राहू द्या. असा सांधा पहिल्या जोरदार घावाला तुटतो आणि पातं उडून कुणाच्याही अंगावर जातं. फेकण्यासाठी तर कुठलाच बोवी वापरू नका. फेकायचे सुरे एकसंध आणि जरा नरम पोलादाचे करतात. बोवीची मूठ तडकते, टोक मोडतं.

तुमच्या सुऱ्याची शेपटी रुंद असेल आणि मूठ खिळ्यांनी बसवली असेल तर हललेली परज घरी बसवता येते. फटीत ॲसिटोनचे थेंब सोडून जुनं तेल धुऊन काढा, तासभर वाळू द्या. मग पातळ, सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी हेअरड्रायरच्या गरम हवेने आणखी पातळ करून फटीत मुरवा. सुरा २४ तास न हलवता ठेवा. परज हलण्याचं मूळ कारण बहुधा एकच असतं: लाकूड फोडताना पाठीवर बसणारे ठोके. एकदा फट पडली की तिच्यात ओल शिरते आणि शेपटी आतून गंजत जाते, म्हणून हललेली परज तशीच वापरू नये.

दुकानात हातात घेतल्यावर आणखी दोन गोष्टी बघा. परजेजवळ ६ मिमी असलेली पाठ टोकाकडे ३ मिमीपर्यंत निमुळती झाली आहे का? झाली नसेल तर सुरा पुढे जड वाटतो आणि मनगट लवकर थकतं. आणि परजेपुढे साधारण एक इंचावर बोटावर तोलला तर तो आडवा राहतो का? ९ इंची पात्यासाठी हा तोल चांगला.

गाडीच्या पाट्यातून (लीफ स्प्रिंगमधून) बोवी घडवता येईल का? भट्टी आहे, कोयते आणि विळे करतो. (सांगली)

येईल, आणि चांगला होईल. अमेरिकेतले कारागीर ५१६० नावाचं जे पोलाद वापरतात ते क्रोमियम असलेलं पाट्याचंच पोलाद. आपल्याकडे त्याच्या जवळचं पोलाद एसयूपी ९ या नावाने मिळतं. फक्त भंगारातला जुना पाटा टाळा. लाखो झटके खाऊन त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा गेलेल्या असतात आणि त्या पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं एकदम गार करून कडक करताना, उघड होतात. नवा पाटा घ्या.

माप असं धरा: पातं साडेआठ इंच, रुंदी दीड इंच, परजेजवळ जाडी ६ मिमी, शेपटी साडेचार इंच. ही मापं कायद्याच्या मर्यादेतही बसतात, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पाटा लाल तापवून राखेत पुरा, रात्रभर गार होऊ द्या, म्हणजे कानस चालेल. आकार काढून झाला की जिथे पातं संपून शेपटी सुरू होते तो आतला कोपरा नीट बघा. तो काटकोनात ठेवला की पाणी देताना तडा नेमका तिथून जातो. तिथे किमान ३ मिमी गोलाई ठेवा. धारेची बाजूही आत्ताच पातळ करू नका. दीड मिमी जाडी राहू द्या, नाही तर धार लाटेसारखी वाकडी होते.

पुढचा टप्पा पुष्कळ जण गाळतात: पातं लाल तापवून हवेत गार करा, तीनदा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं कमी तापवून. घडवताना मोठा झालेला पोलादाचा दाणा यामुळे बारीक होतो आणि आतला ताण निघून जातो.

आता पाणी देणं. इथे पाणी वापरायचं नाही, तेल वापरायचं. कोयत्याची धार तेवढी पाण्यात बुडवायची सवय असेल तर ती इथे घातक ठरते, कारण हे पोलाद पाण्यात फार झपाट्याने गार होतं आणि टणकन तडकतं. उभ्या लोखंडी डब्यात ८ ते १० लिटर खाद्यतेल घ्या आणि ते ५५ अंशांपर्यंत कोमट करा. गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती वाफेचा पडदा धरतं आणि पातं नीट कडक होत नाही. पात्याला चुंबक चिकटेनासं झालं की तिथून रंगाची आणखी एक छटा वर जाऊ द्या, म्हणजे साधारण ८४० अंश. अंधाऱ्या जागेत रंग नीट कळतो, उन्हात फसगत होते. मग टोक खाली धरून सरळ आत, आणि वर-खाली हलवा. आडवं हलवलं की एक बाजू आधी गार होऊन पातं वाकतं. तेल भडकू शकतं, म्हणून झाकण हाताशी असू द्या, जवळपास पाणी नको आणि प्लास्टिकचा डबा तर मुळीच नको.

बाहेर काढल्यावर धारेवरून नवी कानस फिरवा. काचेवर फिरल्यासारखी घसरली तर पातं कडक झालं. धरली, तर पुन्हा तापवा. या अवस्थेत पातं हातातून फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतील, म्हणून उद्यावर ढकलू नका. त्याच तासात २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवा, गार होऊ द्या, पुन्हा दोन तास. घासून पांढरं केलेल्या जागी फिकट गवती रंग दिसायला हवा. मग शेपटी आणि पाठ गॅसच्या ज्योतीने निळी होईपर्यंत तापवा, धार ओल्या फडक्यात ठेवून. पाठ लवचीक, धार कडक.

मुठीला शिसव किंवा बाभूळ घ्या. साग हलका आणि तंतूंतून फुटणारा, तो नको.

आपण केलेलं किती उतरलं हे पाहायचं असेल तर अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची कसोटी समोर ठेवा. ही संस्था १९७६ ची आणि तिची शाळा ब्लॅकच्याच वॉशिंग्टन गावात निघाली. पातं जास्तीत जास्त १० इंच. लोंबता १ इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा. मग बांधकामाची २ बाय ४ ची फळी दोनदा आरपार तोडायची. त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पातं पकडीत धरून ९० अंशांत वाकवायचं, मोडता कामा नये. एकाच पात्यात कडकपणा आणि लवचीकता दोन्ही आणणं किती अवघड आहे, ते या शेवटच्या परीक्षेत कळतं. वाकवताना चेहऱ्याला कवच आणि हातात जाड हातमोजे हवेत.

मोठ्या पात्याला धार लावताना टोकाकडचा गोल भाग बोथटच राहतो. (ठाणे)

ही तक्रार सर्वांत जास्त पत्रांत आहे, आणि चूक बहुतेक सगळ्यांची एकच आहे.

दर बाजूला २० अंशांचा कोन हवा. कोनमापक लागत नाही, पाठ दगडापासून किती उचलायची ते मोजा. दीड इंच, म्हणजे ३८ मिमी रुंद पात्यासाठी ती उंची साधारण १३ मिमी येते. एक-एक रुपयाची नाणी एकावर एक रचून पहिल्यांदा अंदाज घ्या. पण टोकाकडे पातं अरुंद होत जातं. जिथे रुंदी २० मिमी उरली तिथे हीच पाठ फक्त ७ मिमी उचललेली हवी. लोक १३ मिमीच ठेवतात. कोन ४० अंशांवर जातो आणि धार खोडल्यासारखी होते. उलट काही जण गोल भाग दगडाला टेकतोय की नाही हेच पाहत नाहीत. घाव पुढे सरकवताना मुठीकडचा हात हळूहळू वर उचलावा लागतो, म्हणजे गोलाईचा प्रत्येक बिंदू दगडाला लागतो. पाठ खाली, मूठ वर, दोन्ही हालचाली एकदम. सरावाला घरातली जुनी सुरी घ्या.

धारेवर काळ्या मार्करने रेघ ओढा आणि दगडावर दोन हात मारून पाहा. शाई कुठून गेली ते कोनाची चूक सांगते. फक्त धारेच्या वरची शाई गेली तर पाठ फार खाली आहे. फक्त अगदी कडेची गेली तर फार वर.

४०० नंबरच्या दगडावर एका बाजूने इतकं घासा की दुसऱ्या बाजूला नखाला लागेल अशी बारीक कोर पूर्ण लांबीभर उठेल. मध्ये कुठे ती उठली नसेल तर तिथे धार झालेलीच नाही, पुढे जाऊ नका. मग दुसरी बाजू. त्यानंतर १००० नंबर, हलक्या हाताने. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठीकडे ओढत दर बाजूला पंधरा-वीस हात. गुळगुळीत करायच्या नादात ३००० च्या पुढे जाऊ नका. दोर आणि चामडं कापायला किंचित दातेरी धारच बरी.

आणखी एक: रिकासोजवळ दगड परजेला अडतो, म्हणून तो भाग सगळे सोडून देतात. काही वर्षांनी तिथे खड्डा पडतो आणि धार सरळ राहत नाही. दगडाची कड तिरपी धरून पहिला अर्धा इंचही दर वेळी घासा. खोट्या धारेला मात्र खरी धार लावू नका. लाकूड फोडताना पाठीवर ठोका बसला की ती तुटते, शिवाय दोन्हीकडे धार असलेलं पातं काही ठिकाणी कट्यारीच्या वर्गात जातं.

सह्याद्रीतल्या ट्रेकला बोवी न्यावा का? (सातारा)

नको. ज्या कामांसाठी तो होता, म्हणजे मोठी शिकार सोलणं, तंबूसाठी लाकूड तोडणं, ती आपल्याकडे करायचीच नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई आहे आणि राखीव वनात फांदी तोडणंही गुन्हा आहे. भाजी, दोर, पट्टी कापायला ४ इंचांचा चाकू पुरतो.

तो भारतात ठेवणं कायदेशीर आहे का? परदेशातून मागवता येतो? (डोंबिवली)

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं आयुधांच्या वर्गात धरली आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी केलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. ऊसतोडीचा कोयता याच सुटीत बसतो, बोवी बसत नाही. आयुध आयात करायला शस्त्र अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे परवाना लागतो, म्हणून १० इंची बोवी ऑनलाइन मागवला तर तो सीमाशुल्क विभागात अडकतो आणि चौकशी तुमच्या दारात येते. लहान पातं असलं तरी ते कमरेला लावून गावात फिरू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश वरचेवर निघतात आणि त्यात सुऱ्यांचा उल्लेख असतो. विकत घेण्याआधी जिल्ह्यातला ताजा आदेश पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

टेक्सासमधल्या वाचकांनीही असंच विचारलं आहे. ज्या राज्यात बोवी मारला गेला, तिथेच त्याच्या नावाचा सुरा घेऊन फिरणं १ सप्टेंबर २०१७ पर्यंत बेकायदा होतं. आता चालतं, पण साडेपाच इंचांवरचं पातं शाळा, न्यायालय, मतदान केंद्र, दारूचा गुत्ता अशा जागी नेता येत नाही. कॅलिफोर्नियात म्यान कमरेला उघड दिसलं पाहिजे. सदऱ्याखाली झाकलं की गुन्हा. राज्य ओलांडलं की नियम बदलतो.

आजोबांच्या पेटीत ‘शेफील्ड’ छापाचा मोठा सुरा सापडला. तो किती जुना? साफ कसा करू? (रत्नागिरी)

शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्या हिंदुस्थानात भरपूर येत, त्यामुळे सापडण्यात नवल नाही. परजेलगतचा छाप भिंगाखाली पाहा. मुकुट आणि ‘व्हीआर’ अक्षरं असतील तर तो बहुधा व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, १८३७ ते १९०१ मधला. नुसतं शहराचं नाव असेल आणि देशाचं नसेल तर १८९१ च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त, कारण त्या सुमारास अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि कारखाने ‘इंग्लंड’ कोरू लागले. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुतेक विसाव्या शतकातला. पांढरी परज चांदीची समजू नका. ती जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. छाप एकटा पुरावा नाही, कारण शेफील्डचं नाव टाकून शोभेचे सुरे आजही निघतात. जुन्या पात्याचा गंज गडद तपकिरी आणि घट्ट बसलेला असतो, नारिंगी भुकटी नवी असते.

एमरी पेपर लावू नका. छाप आणि कोरलेली अक्षरं फार उथळ असतात, दोन मिनिटांत पुसली जातात आणि सुऱ्याची किंमतही त्यांच्याबरोबर जाते. शिवणयंत्राचं तेल लावून दोन दिवस ठेवा, मग लाकडी काडीने सुटा गंज खरवडा आणि सुती फडक्याने पुसा. चार-पाच वेळा करा. पातं काळपट राहील, ते तसंच राहू द्या.

आणि म्यानात ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात उरलेले असतात. कोकणातल्या पावसाळ्यात ते ओल धरतात, पातं खड्ड्याखड्ड्यांनी गंजतं आणि पितळेला हिरवा कळंक चढतो. तेलाचा पातळ हात देऊन, सुती कापडात गुंडाळून सुरा वेगळा ठेवा आणि म्यानात वर्तमानपत्राचा बोळा घालून त्याचा आकार राखा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उघडून पाहा. पेटी कुलपात असू द्या.